मुलीच्या हातात स्कूटर दिली, पण रस्त्यावरचं भान कसं द्यायचं?

गोदाकाठची
लेकीला अठरा पूर्ण झाली, पक्कं लायसन्स आलं. गाडी हातात छान बसलीये. आरटीओत आठचा आकडा पाय न टेकवता काढला. पण मागे बसले की माझा जीव टांगणीला लागतो.

उदाहरण देते. पुढे डाव्या कडेला रिक्षा उभी, त्यात आत्ताच माणूस बसलाय, रिक्षावाल्याचा हात हँडलवर. मला कळतं की हा आता मागे न बघता उजवीकडे घुसणार. मी मागून "रिक्षा, रिक्षा" करते, तर ही म्हणते, "दिसली गं आई, आंधळी आहे का मी?" आणि खरंच दिसलेली असते! तरीही ब्रेकवर बोट जात नाही. काहीतरी मधेच राहतं, आणि ते काय हे मला सांगता येत नाही. कॉलेज गंगापूर रोडला, पण क्लाससाठी तो गजबजलेला द्वारका चौक पार करावा लागणार. नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

माझं मत असं की हे काहींच्या अंगातच असतं, काहींच्या नसतं. नवरा म्हणतो, चालवून चालवून येतं. पण ते 'चालवून चालवून' होईपर्यंतचं काय? शिकवता येतं का हे? कोणी शिकवलंय का?

ती गाडीवर इअरफोन घालत नाही आणि मोबाइल डिकीत असतो. आधीच सांगते, म्हणजे तो विषय नको.

वाह्यात_वासू
पहिला! आता कोणीतरी मोबाइलचा विषय काढणार. पैज.

अण्णा_सातारकर
ताई, तुम्ही नको म्हणालात तरी मूळ दुखणं तेच आहे. गाडीवर नसेल वापरत, पण दिवसभर मान खाली घालून बसलेल्या पिढीला मान वर केल्यावर काय दिसणार? आम्ही एसटीच्या खिडकीत बसून वाई ते सातारा झाडं मोजायचो. कोणाच्या शेतात काय उभं आहे ते पाठ असायचं. आता शेजारी कोण बसलंय त्याचा पत्ता नसतो. भान असायला आधी लक्ष लागतं, आणि ते विकलं गेलंय.

वाह्यात_वासू
जिंकलो. चहा कोण पाजतंय?

भूलतज्ज्ञ
अण्णा, अंशतः सहमत, पण मोबाइल नसतानाही माणसं अशीच होती. २९ डिसेंबर १९७२ ची गोष्ट घ्या. ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान मायामीला उतरत होतं. पुढचं चाक खाली येऊन पक्कं झाल्याचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी २००० फुटांवर ऑटोपायलट लावला आणि सगळे त्या दिव्यामागे लागले. कोणी बल्ब काढतंय, कोणी खाली वाकून चाक दिसतं का बघतंय. त्या गडबडीत उंची धरून ठेवणारी व्यवस्था सुटली आणि विमान हळूहळू खाली यायला लागलं. उंची बदलल्याची घंटीसुद्धा वाजली, ती कोणाच्या डोक्यात शिरली नाही. जमिनीवरच्या नियंत्रकाला पडद्यावर ९०० फूट दिसले. त्यानेही "काय, कसं चाललंय तिकडे?" एवढंच मोघम विचारलं. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. १७६ पैकी १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं, बिघडला होता तो फक्त दिवा.

कॉकपिटमध्ये अनुभवी, शहाणी माणसं होती. 'अंगात असतं किंवा नसतं' हे म्हणून मला पटत नाही.

आता तुमच्या रिक्षाबद्दल. मिका एन्डस्ली नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९५ मध्ये या भानाची मांडणी केली, ती आमच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचली आहे. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. समोरचं टिपणं, त्याचा अर्थ लागणं, आणि पुढच्या काही क्षणांत काय होईल याचा अंदाज. तुमच्या लेकीला रिक्षा दिसते, म्हणजे पहिली पायरी झाली. 'गिऱ्हाईक बसलं, हात हँडलवर गेला, म्हणजे निघणार' ही दुसरी. 'निघणार ती माझ्याच पुढ्यात' ही तिसरी. तुम्ही मागून "रिक्षा" ओरडता तेव्हा तिला पहिली पायरीच पुन्हा सांगता. ती म्हणणारच, दिसली!

गोदाकाठची
डॉक्टर, हे अगदी वर्मावर बसलं. म्हणजे मी "रिक्षा" ऐवजी "निघतेय" ओरडायचं?

अण्णा_सातारकर
डॉक्टर, मान्य. पण मग तो दिवा म्हणजे त्यांचा मोबाइलच झाला की नाही? चौघांचं डोकं एका मिणमिणत्या वस्तूत. माझा मुद्दा उभाच आहे.

वाह्यात_वासू
अण्णा रॉक्स.

लोकोशेड
मी रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालो, भुसावळ विभाग. आमच्याकडे हे शिकवतात, आणि जन्मभर करून घेतात. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की सहायक मोठ्याने पुकारणार, "डिस्टंट, डबल यलो", म्हणजे लांबच्या सिग्नलला दोन पिवळे दिवे. मी स्वतः बघून तेच पुन्हा म्हणणार, हात वर करून. डोळ्यांनी दोघांनाही दिसत असतं. पण तोंडाने म्हटलं की डोक्यात शिरतं, आणि म्हटलं नाही तर शेजारच्याला लगेच कळतं की हा इथे नाही. नवीन लग्न झालं तेव्हा मी स्कूटरवर पण पुकारायचो, बायकोला वाटायचं डोकं फिरलंय.

दुसरं म्हणजे आम्हाला नवीन मार्गावर लगेच गाडी देत नाहीत. आधी एलआर करावं लागतं, म्हणजे मार्ग शिकायचा. दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून दिवसा आणि रात्री त्या मार्गावरून जायचं. कुठला सिग्नल वळणाआड आहे, कुठे उतार लागतो, कुठल्या गावाजवळ गुरं रुळांवर येतात. कसारा-इगतपुरीचा थळ घाट ३७ ला १ चढाचा आहे. तिथे चढताना मागून जादा इंजिनं लावतात, आणि उतरताना पुढचं माहीत नसलेल्या माणसाला हँडल देणं म्हणजे गुन्हा. समोर दिसेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो. गाडी थांबायला किती लांबी लागते माहितीये ना?

तेव्हा ताई, मुलीला द्वारका चौकाचं एलआर करवा. तिथे चहाच्या टपरीवर बसवा आणि चौक नुसता बघायला सांगा.

अवांतर, इंजिनात एक बटण असतं. मिनिटभर ड्रायव्हरने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग बझर, आणि तरीही दाबलं नाही तर आपोआप ब्रेक. पण हात सवयीने बटण दाबतो. डुलकीत दाबणारेही पाहिलेत.

निप्पॉनकर
काका +१. इथे जपानात गार्ड, ड्रायव्हर, प्लॅटफॉर्मवरचे कर्मचारी बोट दाखवून मोठ्याने पुकारतात. 'शिसा कांको' म्हणतात त्याला. नवीन आलेली आपली मंडळी आधी हसतात. १९९४ मध्ये इथल्या रेल्वे संशोधन संस्थेने तपासलं, तर साध्या कामात १०० क्रियांमागे २.३८ होणाऱ्या चुका बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर ०.३८ वर आल्या. आता मी घरातून निघताना गॅसकडे बोट दाखवून "बंद" म्हणतो. बायको मान हलवते, पण अर्ध्या रस्त्यातून परत यायचं थांबलंय.

रातराणी
धाग्याची दिशा चांगली आहे, पण मला एक वेगळंच विचारायचंय. गोदाकाठची, तुमच्या लेकीला भान नाही असं तुम्ही ठरवून टाकलंय. तिला एकदा विचारा, रात्री आठनंतर क्लासवरून पायी घरी येताना ती काय काय बघते.

मी ठाण्यात राहते, रात्री उशिराच्या लोकलने येते. डब्यात चढायच्या आधी आत किती बायका आहेत ते बघते. पोलीस आहे का ते बघते. दाराशी उभा माणूस उतरणार आहे की नुसता उभा आहे, हे त्याच्या पायांवरून कळतं. शेअर रिक्षात पुढे बसलेला आणि ड्रायव्हर एकमेकांना ओळखतात का, हे दोन वाक्यांत कळतं. रस्त्यावर मागून पावलं आली की मी माझा वेग बदलून बघते, म्हणजे मी हळू झाले की तो हळू होतो का. डॉक्टरांच्या तिन्ही पायऱ्या आल्या यात. हे अंगात घेऊन जन्मले नाही मी. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून आई, मावशी, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी घोटून घेतलं. माझ्या भावाला यातलं काहीही येत नाही आणि त्याचं काही बिघडलं नाही.

भान चांगलं वगैरे ठीक आहे, पण आमच्यापैकी बऱ्याच जणींना ते कर म्हणून भरावं लागतं. रोज थकायला होतं.

वाह्यात_वासू
इथे विनोद सुचत नाहीये. बरोबर बोललात.

गोदाकाठची
रातराणी, विचारलं तिला. तिने पंधरा मिनिटं सांगितलं. कुठल्या गल्लीतला दिवा गेलाय, कुठलं मेडिकल किती वाजेपर्यंत उघडं असतं, कुठल्या पानटपरीच्या पलीकडच्या बाजूने चालायचं. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. 'अंगात असतं' हे माझं वाक्य मी मागे घेते. पण मग पायी चालताना एवढं कळणाऱ्या मुलीला गाडीवर का कळत नाही?

भूलतज्ज्ञ
कारण डोक्याची जागा भरलेली असते. नव्या चालकाचं अर्धं डोकं ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, तोल, आरसा यातच असतं. तेवढं हाताला आपोआप व्हायला लागलं की रस्त्यासाठी जागा रिकामी होते. तुमचे यजमान म्हणतात ते इतपत बरोबर आहे.

आणि एखादी गोष्ट शोधत असलो तर दुसरी डोळ्यांसमोर असून दिसत नाही. सायमन्स आणि चाब्री यांचा १९९९ चा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. चेंडूचे पास मोजायला सांगितलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना मधून गेलेला गोरिलाच दिसला नाही. २०१३ मध्ये तोच प्रकार रेडिओलॉजिस्टांवर केला. फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायच्या, आणि चित्रात गाठीच्या ४८ पट मोठा गोरिला घातलेला. २४ पैकी २० तज्ज्ञांना तो दिसला नाही. आमच्यातले रेडिओलॉजिस्ट हा विषय निघाला की चहा घ्यायला जातात.

कानसेन
नमस्कार. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, फोनवरच्या वाचकाने हा धागा ऐकला. पहिल्या पोस्टमधलं "आंधळी आहे का मी" ऐकून हसू आलं, राग नाही.

मी रोज डोंबिवली ते दादर जातो. गाडी पुलावर आली की चाकांचा आवाज पोकळ होतो, खाडीचा वास येतो, म्हणजे मुंब्र्याच्या पुढचं मला उद्घोषणेआधीच कळतं. प्लॅटफॉर्मवर आमचा डबा जिथे येतो तिथे बीप बीप करणारं यंत्र आहे, ते चालू असलं तर. भिंतीजवळून चालताना कानांना दाब आल्यासारखं वाटतं आणि गल्लीचं तोंड आलं की एकदम मोकळं. बेकरी, फुलवाला, न्हाव्याचं दुकान या माझ्या पाट्या.

तुमच्या मुलीसाठी एक सांगतो. डोळस माणसं रस्ता फक्त समोरून घेतात. मागून आणि आडबाजूने येणारं आधी ऐकू येतं. बस किती जवळ आली, ट्रकने गिअर कमी केला म्हणजे तो वळणार की थांबणार, हे आवाजात असतं. हेल्मेटमध्ये जरा कमी येतं, पण येतं.

आणि तक्रारही आहे. या इलेक्ट्रिक स्कूटर! आवाजच नाही. अंगाजवळून वारा गेला की कळतं, गेली. युरोपात इलेक्ट्रिक मोटारींना कमी वेगात मुद्दाम आवाज करायची सक्ती आहे. आपल्याकडच्या दुचाक्यांनाही तसं काही हवं.

गोदाकाठची
कानसेन, तिची स्कूटर इलेक्ट्रिकच आहे. तिला वाचून दाखवलं. वळणावर हॉर्न देईन म्हणाली.

कानसेन
हळू द्यायला सांगा. दचकलो तर काठी सुटते.

पेठेतला_पामर
भान, भान करताय, पण आपल्या रस्त्यांवर निम्मं भान लोकांनी एकमेकांना उसनं दिलेलं असतं. "ओ ताई, स्टँड!" हे अनोळखी माणसाने ओरडून सांगितलं नाही असा दुचाकीवाला दाखवा. ओढणी चाकात जातेय, डिकी उघडी आहे, चाकात हवा नाही. पुण्याला तिरसट म्हणणाऱ्यांनी सिग्नलला स्टँड वर न करता उभं राहून बघावं, चार जण सांगतील. चार सल्लेही देतील, ते वेगळं.

भर दिवसा हेडलाइट चालू असला की समोरचा हाताची मूठ उघडझाप करून दाखवायचा, आठवतंय? १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआपच लागायला लागला. सुरुवातीला लोक खाणाखुणा करून दमले, मग ती खूण मेलीच.

थेम्सकाठी
मूळ प्रश्नाकडे. इथे ब्रिटनमध्ये शिकवतात आणि परीक्षाही घेतात. लायसन्सच्या लेखी परीक्षेत २००२ पासून धोका ओळखण्याचा वेगळा भाग आहे. ड्रायव्हरच्या जागेवरून घेतलेल्या १४ छोट्या चित्रफिती दाखवतात. धोका घडायला लागतोय असं वाटलं की माउस दाबायचा. जितक्या लवकर ओळखाल तितके जास्त गुण, एका धोक्याला जास्तीत जास्त ५. एका फितीत दोन धोके असतात, बाकीच्यांत एकेक. एकूण ७५, मोटारीसाठी ४४ मिळाले की पास. म्हणजे डॉक्टरांची तिसरी पायरीच मोजतात. फुटपाथवर चेंडू दिसला तर मागून मूल येणार, उभ्या गाडीचं पुढचं चाक वळलेलं दिसलं तर ती निघणार.

आता गंमत. सारखं दाबत राहिलात तर संगणकाला वाटतं की फसवताय, आणि त्या फितीला शून्य. ओळखीतले एक काका, मुंबईत वर्षानुवर्षं गाडी चालवलेले, पहिल्या वेळी नापास. म्हणाले, "प्रत्येक सेकंदाला धोका होता, मी काय करू?"

पोलिसांच्या प्रशिक्षणात तर गाडी चालवता चालवता सतत बोलायला लावतात. काय दिसतंय, काय होऊ शकतं, मी काय करणार. लोकोशेड काकांचं पुकारणंच, फक्त लांबलचक.

वाह्यात_वासू
काकांना न्याय मिळालाच पाहिजे.

पाणवठा
ताडोब्याची भर घालतो. चांगला गाइड वाघ शोधत नाही, कॉल ऐकतो, म्हणजे बाकी प्राण्यांचं धोक्याचं ओरडणं. चितळ ओरडलं तर तो जिप्सी थांबवतो पण पळवत नाही, कारण चितळ उगाचही घाबरतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून एका दिशेला बघत खेकारत असेल तर तिकडे मान वळते. सांबर ढोंक ढोंक करायला लागलं की मात्र गाडी वळवतो, ते सहसा फुकट ओरडत नाही. कुठल्या इशाऱ्यावर किती विश्वास टाकायचा, हेही ठरवता यायला हवं. पाहुणे मात्र झुडपात पिवळं काही शोधत राहतात आणि वाळलेल्या पानांचे फोटो काढतात.

घाटवेडी
पाणवठा यांच्यासारखंच पावसाळी ओढ्याचं. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ मी पुन्हा बघू शकत नाही. सह्याद्रीतला ओढा आपल्या डोक्यावरच्या पावसाने फुगत नाही, वरच्या पठारावरच्या पावसाने फुगतो. आपल्याकडे ऊनही असू शकतं. पाणी नितळचं गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, आवाजाचा सूर जड झाला, की फोटो राहू दे, बाहेर. खाली उभ्या माणसाला गढूळ पाणी दिसतं पण 'मातीचं आहे' एवढंच वाटतं. गावातला गुराखी तेच बघून म्हशी हाकलायला लागतो.

स्पष्टवक्ता
सगळं गोड चाललंय, जरा मीठ टाकतो. माणसाच्या भानावर किती ओझं टाकणार? रंग न मारलेला गतिरोधक, फ्लेक्सच्या मागे लपलेला सिग्नल, चुकीच्या बाजूने येणारा डंपर. अपघात झाला की पहिला प्रश्न, "लक्ष कुठे होतं तुझं?" रस्ता ज्याने तसा ठेवला त्याला कोणी विचारत नाही. रातराणी म्हणाल्या तो कर इथेही आहेच.

भूलतज्ज्ञ
शंभर टक्के. आमच्या आयसीयूत दिवसभर अलार्म वाजतात, बहुतेक बिनकामाचे, आणि मग खरा वाजला तरी कान त्याला दाद देत नाही. तिथे नर्सला 'लक्ष दे' म्हणून उपयोग नसतो, अलार्मच्या मर्यादा नीट लावाव्या लागतात. पण चौक सुधारेपर्यंत पोरगी क्लासला जाणारच आहे ना.

गोदाकाठची
तर काल टपरीवर बसलो दोघी, लोकोशेड काकांच्या सांगण्यावरून. तिला म्हटलं, कोण आता काय करणार ते आधी सांग. सुरुवातीला कंटाळली, मग खेळ झाला. "तो पांढरा शर्ट मधेच यू टर्न मारणार." मारला. "ही बस थांब्यावर न थांबता पुढे थांबणार." थांबली. चहावाल्यानेही भाग घेतला आणि आम्हा दोघींना हरवलं. मग गाडीवर तिने पुकारत चालवलं आणि मी मागे गप्प बसले, हे जास्त अवघड होतं. रिक्षा आली तेव्हा "गिऱ्हाईक बसलं, निघणार" म्हणत ती स्वतःच हळू झाली. एक-दोनदा बोलण्याच्या नादात इंडिकेटर चालू राहिला. तिची अट अशी की मी चालवेन तेव्हा मीही पुकारायचं.

लोकोशेड
शाब्बास. इंडिकेटरचं होईल. पुकारणं लांबवू नका, दोन शब्द पुरे.

पेठेतला_पामर
काका, एक विचारायचं राहिलं. धुक्यात सिग्नल दिसतच नाही, तेव्हा काय पुकारता?

लोकोशेड
आपल्याकडे कमी, उत्तरेत जास्त. सिग्नलच्या २७० मीटर आधी रुळावर फटाके बांधतात, चाकाखाली फुटले की समजायचं पुढे सिग्नल आहे. आता जीपीएसवर चालणारं यंत्रही देतात, पुढचा सिग्नल किती लांब ते बोलून सांगतं. पण जुने लोक अजून फटाक्यालाच कान देतात. वेग आधीच कमी केलेला असतो, तो मुद्दा वेगळा.

वाह्यात_वासू
द्वारका चौकाच्या आधी फटाके बांधायची परवानगी कोणाकडे मागायची?

स्पष्टवक्ता
महापालिकेकडे अर्ज करा. उत्तर येईपर्यंत मुलगी आजी होईल.